मात्रा

— तृतीय वर्ष कला

आमच्या वार्षिकात दरवर्षी पाऊस पडतो. निदान चार कवितांत आणि दोन ललितलेखांत तरी तो पडतोच. यंदा मी मात्र पाऊस न आणता पेट्रोल घेऊन आले आहे. वास आला तरी वाचकांनी नाक मुरडू नये, एवढीच विनंती.

'मात्रा' या शब्दाची आणि माझी ओळख तीन ठिकाणी झाली. पहिली आजीच्या सहाणेवर. धाकट्या भावासाठी ती वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग उगाळायची आणि प्रत्येकाचे वेढे मोजायची. मी मध्येच बोलले की म्हणायची, "गप गं, वेढा चुकतो!" दुसरी ओळख वर्गात झाली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. एक मात्रा कमी पडली तरी ओळ लंगडते. आणि तिसरी ओळख कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामांच्या गॅरेजात, कार्बोरेटरसमोर उकिडवे बसून झाली. खरे सांगायचे तर पहिल्या दोन ठिकाणी शिकलेले मला तिसऱ्या ठिकाणी कळले.

माझा मामेभाऊ धुळीच्या ट्रॅकवर शर्यती खेळतो. त्याची गाडी म्हणजे जुनी आरएक्स १००. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली बनायची बंद झाली. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण टू-स्ट्रोकच्या वेडाला वय नसते. दादाने तिचे मडगार्ड वर उचलले, दातेरी टायर घातले, दिवे आणि आरसे काढून टाकले. मागच्या वर्षी मूळचा कार्बोरेटर झिजला, तेव्हा त्याच्या जागी त्याने चोवीस मिलिमीटर तोंडाचा, मूळच्यापेक्षा मोठा असा दुसरा आणून बसवला. त्याचा हिशेब सरळ होता. तोंड मोठे म्हणजे हवा जास्त, हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणजे ताकद जास्त!

गाडी सुरू झाली. मूठ पिळली की मात्र ती "भुक्" करून दम टाकायची आणि मग अचानक, रागावल्यासारखी, उधळायची. वळणातून बाहेर पडताना अशी गाडी असली म्हणजे स्वार धुळीतच बसणार.

असे का होते, हे मला आजोळच्या माळ्यावरच्या एका जुन्या फ्लिटच्या पंपाने समजावले. दांडा ढकलला की हवेचा झोत डबीतून वर आलेल्या नळीच्या तोंडावरून जोरात जातो. तिथला दाब कमी होतो आणि डबीतले औषध आपोआप वर चढून फवारा होऊन उडते. वेग वाढला की दाब घटतो, हे डॅनिएल बर्नूली यांनी १७३८ साली ग्रंथात मांडले. पुढे वेंतुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास केला. आजही कार्बोरेटरच्या त्या गळ्याला त्याचेच नाव आहे. इंजिन हवा ओढते, गळ्यात हवेचा वेग वाढतो, खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या भोकातून वर येते आणि हवेत मिसळते. आता गळाच रुंद केला तर? इंजिन सावकाश फिरत असताना हवा त्यातून आरामात, रमतगमत जाणार. तिला पेट्रोल उचलण्याचा जोरच राहणार नाही. म्हणून ते "भुक्". मोठे तोंड मोठ्या वेगालाच शोभते. इतर वेळी त्याला हाताला धरून चालवावे लागते.

हे हाताला धरणे म्हणजेच ट्यूनिंग. कार्बोरेटरमध्ये एक मात्रा नसते, चार असतात आणि मूठ किती पिळली त्याप्रमाणे एकेकीची पाळी येते. मूठ जेमतेम उघडलेली असताना छोटा स्लो जेट आणि हवेचा स्क्रू. त्यापुढे स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप. पाव ते पाऊण मुठीपर्यंत निमुळती सुई. तिच्या डोक्याशी खाचा असतात, क्लिप वरच्या खाचेत लावली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल आवळले जाते. आणि पाऊण मुठीच्या पुढे सगळा कारभार मेन जेटचा. हवेचा स्क्रू आधी पूर्ण आवळायचा आणि मग दीड वेढा सोडायचा, तिथून सुरुवात. मामांच्या तोंडून "दीड वेढा" ऐकला आणि मला आजीची सहाण आठवली!

मामांचा नियम एकच. "एका वेळी एकच बदल. दोन केलेस तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, ब्रह्मदेवाला कळायचं न्हाई." हा नियम प्रयोगशाळेत लिहून लावावा असा आहे. मला तर तो निबंध तपासतानाही उपयोगी पडतो.

आता मामांविषयी. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्र्यांत त्यांच्या कानाचा लौकिक होता. रस्त्यावरून गाडी गेली की आत बसून ते सांगायचे, "पेट्रोल जास्त मारतंय." पण चाळीस वर्षे सायलेन्सर काढलेल्या इंजिनांशेजारी बसल्याचे मोल शरीर वसूल करतेच. दोन वर्षांपूर्वी मामी त्यांना तपासायला घेऊन गेल्या. आलेख पाहून डॉक्टरांनी चार हजार हर्ट्झच्या आसपासचा खड्डा दाखवला. सततच्या गोंगाटाने जाणारे कान बहुधा तिथूनच जाऊ लागतात. जाड, घुमणारे आवाज राहतात. बारीक, टोकदार आवाज आधी निघून जातात. मामांना इंजिनाची धडधड ऐकू येते. त्यातली किणकिण ऐकू येत नाही.

आणि टू-स्ट्रोकमध्ये धोका किणकिणीतच असतो. पेट्रोल जास्त झाले तर गाडी भडभडते, धूर काढते, प्लग काळा करते. पण मरत नाही. पेट्रोल कमी झाले तर इंजिन तापते. आमच्या गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले, म्हणजे पेट्रोल घटले की वंगणही घटते. आत मिश्रण अवेळी पेटू लागते, बारीक टिणटिण सुरू होते आणि त्यानंतर कधीतरी पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. भरधाव वेगात मागचे चाक जागच्या जागी जखडले तर स्वाराचे काय होते, हे मी इथे लिहीत नाही. मामींनी ते एकदा पाहिले आहे, आणि म्हणून दादाच्या शर्यतीच्या दिवशी त्या जेवत नाहीत.

तर गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही शहराबाहेरच्या माळावर गेलो. दादा स्वार, मामा मिस्त्री आणि मी? "तू कान," मामा म्हणाले. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटपासून, १४० पासून केली. कारण तेलकटाकडून कोरड्याकडे यावे, उलट जाऊ नये. गाडी माळाच्या टोकापर्यंत भडभडत गेली. मग १३०. आवाज सुटा झाला, पण शेवटी अडखळ राहिली. मग १२५. आता एकसंध, ताणलेल्या तारेसारखा स्वर. प्रत्येक वेळी दादा पूर्ण मुठीवर गाडी पळवायचा, तशीच क्लच दाबून इंजिन बंद करायचा आणि घरंगळत थांबायचा. मामा प्लग काढून त्याचे पांढरे चिनीमातीचे टोक उन्हात धरायचे. काळे म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेफटक म्हणजे कमी. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग आला म्हणजे मात्रा लागू पडली.

१२५ वर टरफलाचा रंग आला होता. पण दादाला राहवेना. "आणखी एक खाली बघू." मामांनी १२० घातला. गाडी अशी काही सुटली, की क्षणभर मीही हरखले. इतकी हलकी, इतकी तल्लख ती आधी कधीच नव्हती. दादा दुसऱ्या फेरीला हसतच गेला. आणि त्या दुसऱ्या फेरीत, माळाच्या टोकाशी, मला ते ऐकू आले. काचेच्या बांगड्या डब्यात हलवाव्यात तसे, अगदी बारीक.

"मामा, थांबवा त्याला!"

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना तर स्वच्छ, दमदार आवाज येत होता. चाळीस वर्षांच्या अनुभवाने एका बाजूला आणि बी. ए.च्या पोरीने दुसऱ्या बाजूला कौल दिला होता. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. डोक्यावरची टोपी काढून हात वर केला.

दादा चिडला. "एवढी मस्त चालली होती!" मामांनी प्लग काढला, खिशातले भिंग लावले आणि बराच वेळ बघत राहिले. मग प्लग माझ्या हातात दिला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या भुकटीएवढे दोनतीन चकचकीत कण चिकटले होते. ते ॲल्युमिनियमचे होते. पिस्टन झिजू लागला होता. "मरायच्या आधी इंजिन असंच गोड गातंय," मामा दादाला म्हणाले. "आणि हिला ते ऐकाय आलं." जेट पुन्हा १२५ चा बसला.

त्या दिवसापासून गॅरेजात एक वही आहे. तारीख, ऊन की ढग, पेट्रोल कुठले, स्लो जेट, सुईची खाच, मेन जेट आणि प्लगचा रंग, सगळे त्यात उतरवते. कारण बरोबर मात्रा ही कायमची नसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरांवर आहे. घाट उतरून कोकणात गेले की हवा दाट होते आणि तोच जेट कोरडा पडतो. पन्हाळ्यावर चढले की उलटे. थंडीत एक, वैशाखात दुसरे. आणि आता पेट्रोलही पूर्वीचे नाही. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरतात. म्हणजे पूर्वीचाच जेट आज थोडा कोरडा चालतो. गंमत अशी, की इथेनॉलचा मोठा वाटा आपल्याकडच्या उसातून येतो. ज्या माळावर आम्ही गाडी लावतो त्याच्या तिन्ही बाजूंना ऊसच आहे!

कुणी म्हणेल, हे सगळे आता कशाला? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. तिथे संगणक हवा मोजतो, तापमान मोजतो आणि नेमके तेवढेच पेट्रोल आत सोडतो. वेढा चुकत नाही. मामांना त्याचे वाईट वाटत नाही. "चांगलं हाय की. धूर कमी," असे ते मनापासून म्हणतात. नव्या गाड्या त्यांच्याकडे कमीच येतात; येतात त्या जुन्या, त्यांच्याबरोबर म्हाताऱ्या झालेल्या.

मला मात्र वाटते, की मोजणारे यंत्र आले तरी ऐकण्याची गरज संपत नाही. आपण बोलतो तेव्हा समोरच्यातली किणकिण किती जणांना ऐकू येते? मोठा आवाज सगळ्यांनाच कळतो. माणूस भडभडला, धुमसला, काळा पडला तर विचारपूस होते. पण कोरडा पडत चाललेला माणूस बाहेरून तल्लख दिसतो, हसतो, सर्वांच्या पुढे धावतो. त्याच्या आतली बारीक टिणटिण ऐकायला जवळच कुणीतरी उभे असावे लागते. आणि त्याहून अवघड म्हणजे, ज्याला ती ऐकू येत नाही त्याने ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवून हात वर करावा लागतो. माळावर मामांनी ते केले. माझ्या कानांपेक्षा त्यांचा तो हात मला मोठा वाटतो.

परीक्षा झाली की मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाणार. मग गॅरेजात कान कोण होणार, हा प्रश्न मामांनी मला विचारला नाही. मीच उत्तर शोधते आहे. त्यांच्याकडे पाने धुवायला, पान्हे द्यायला एक चौदा-पंधरा वर्षांचा शेजारचा मुलगा शाळा सुटल्यावर येऊन बसतो. गेले दोन महिने मी त्याला इंजिनाजवळ उभा करते आणि डोळे मिटायला सांगते. परवा त्याने डोळे न उघडताच विचारले, "ताई, हे पातळ वाजतंय का?"

मी स्क्रू पाव वेढा आत घेतला. आवाज भरला. वही त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "लिही."