सोयरिकीचा नकाशा

हैदराबाद संस्थानाचा जुना नकाशा उलगडला, की गोदावरीच्या उत्तरेस, औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीचे शिवार कोणत्या रंगाखाली आले असावे, हे बोटाने दाखविता येते. गावाचे नाव मात्र एवढ्या लहान प्रमाणाच्या कागदावर मावत नाही. निजामाचा दिवाण सालारजंगाने 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली, तरी सरकारी दिवाणी मुलूख, निजामाचा खासगी सर्फेखास, अमीर घराण्यांच्या पायगा आणि जहागिरी यांची सरमिसळ तशीच राहिली, आणि ती 1949 पर्यंत सरली नाही.

जालन्याच्या पूर्वेस हा रंग संपतो व वऱ्हाड सुरू होतो. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1902 मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला; जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा पलीकडच्या दफ्तरात राहिले, जालना अलीकडच्या. त्या रेघेवरून मुली नांदावयास जात राहिल्या, मामा-भाचे, व्याही-विहिणी एकमेकांच्या लग्नकार्याला येत-जात राहिले. परंतु माणसाची जात कोणत्या शब्दाने लिहावयाची, हे ज्या-त्या सरकारच्या कारकुनाच्या लेखणीवर अवलंबून होते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 मधील सातव्या खंडात मराठी निजामाच्या हद्दीशी थांबत नाही. सय्यद सिराज-उल-हसन यांचा 1920 चा जाती-जमातींचा ग्रंथ मात्र संस्थानाच्या सीमेतच आपली माणसे मोजतो. मला हा भेद फार बोलका वाटतो.

1940 च्या सुमारास अंतरवालीत जन्मलेली एखादी स्त्री, घराचा उंबरठाही न बदलता, निजामाची रयत, 17 सप्टेंबर 1948 नंतर भारतीय संघराज्यातील हैदराबादची, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबईची आणि 1960 मध्ये महाराष्ट्राची झाली. 1 मे 1981 रोजी जिल्हाही बदलून जालना झाला. शिवेचा दगड, पाणंद, ओढा आणि बांध तेच होते. त्या प्रत्येक फेरबदलात दफ्तरे मात्र गाड्यांतून इकडून तिकडे गेली, काही उर्दूत, काही मोडीत, आणि वाचणारे हात उत्तरोत्तर कमी झाले.

1 सप्टेंबर 2023 रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर पोहोचले. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रे देण्याचा शासननिर्णय निघाला. इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी त्यास विरोध केला. वाद न्यायालयात आणि सभागृहात व्हावा. पण तत्पूर्वी, अशी जुनी कागदपत्रे प्रत्येक तहसिलीत प्रतिमांकित करून ठेवावीत, मोडी व उर्दू जाणणारी माणसे तेथे नेमावीत, आणि पणज्याचे नाव कोणत्या अक्षरांत लिहिले गेले, हे अंबड तालुक्यातील शेतकऱ्याला दलालावाचून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे.