गोट्याचं पोट

गोट्याला ते नाव त्याच्या पोटामुळे मिळालं. गेल्या वर्षी मार्गशीर्षात शेजारच्या वाडीतल्या भाटीनं, म्हणजे मांजरीनं, त्याला तोंडात धरून आमच्या पडवीत आणून ठेवलं. पाय काटकुळे, शेपूट सुतळीसारखी, पण पोट गोल गरगरीत. मुलगी म्हणाली, "आई, हा अगदी गोटी दिसतो." घरात सगळेच त्या पोटावर खूश. दूधभात खातोय, अंगी लागतोय, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते. पंधरा दिवसांनी एका सकाळी तो टोपलीतून उठलाच नाही. आदल्या दिवशी त्याला उलटी झाली होती. त्या उलटीत शेवईसारखं काहीतरी होतं आणि मी ते तांब्याभर पाणी ओतून धुऊन टाकलं होतं. घरात शेवया केलेल्याच नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्या पोटाचं कौतुक केलं तेच त्याचं दुखणं होतं, आणि आम्ही त्या दुखण्यालाच लाडानं हाक मारत होतो. अजूनही ते आठवलं की घास उतरत नाही.

यंदा आषाढात, पाऊस धो धो कोसळत असताना, तीच भाटी पुन्हा आली. या वेळी तिरंगी पिल्लू होतं, मादी. वय दीड-पावणेदोन महिन्यांचं असावं. केस राठ, पाठीचा कणा हाताला लागणारा, आणि पोट तसंच टम्म. मुलगी नाव शोधायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, आधी हिचं पोट बघू.

दुसऱ्याच दिवशी पिल्लानं न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उलटी केली. या वेळी मी खाली बसून नीट पाहिलं. दुधाच्या गुठळ्यांत एक पांढुरका, किंचित पिवळट, दोन्ही टोकांना निमुळता जंत होता. माझ्या करंगळीहून लांब. आधी तो घड्याळातल्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होता, मग हळूहळू उलगडला. जिवंत होता. अंगावर शहारा आला, पण झाडू घेतला नाही. तो चिमट्यानं उचलून झाकणाच्या बरणीत ठेवला आणि सकाळची थोडी शी दुसऱ्या डबीत घेतली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, वावडिंग दे की कुटून. तुझ्या नवऱ्याला लहानपणी दुधात उकळून तेच द्यायचो." शेजारच्या काकूंनी लसूण सुचवली. आणि मी स्वतः काय केलं, तर औषधांचा डबा उघडून अल्बेंडाझोलची गोळी बाहेर काढली. जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारीला, शाळेत मुलांना चघळायला देतात तीच, 400 मिलिग्रॅमची. जंताची गोळी ती जंताची गोळी, मांजरीला पाव तुकडा पुरे, असा विचार. सुरीही हातात घेतली होती. पण गोट्याची टोपली अजून पडवीत तशीच होती. ती दिसली आणि मी सुरी खाली ठेवली.

आमच्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे लोकांच्या तोंडी गुरांचा दवाखाना. तिथं एक म्हैस, दोन शेळ्या आणि आइस्क्रीमच्या डब्यात पिल्लू घेतलेली मी. डॉक्टरांनी आधी पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. फिक्या होत्या, पण पांढऱ्याफटक नव्हत्या. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या की रक्त पिणारे आकडेकृमी असू शकतात, आणि मग घरी थांबायचं नसतं, असं ते म्हणाले. बरणी बघून त्यांनी लगेच सांगितलं, "ताई, हे गोलकृमी. पिल्लांत हेच जास्त सापडतात." मग शीचा नमुना काचेवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. जाड कवचाची गोल अंडी होती. कवचावर बारीक बारीक खड्डे, थेट संत्र्याच्या सालीसारखे. एका थेंबात इतकी!

मी विचारलं, एवढ्याशा जिवाच्या पोटात हे गेलं कुठून? मी तर उकळलेलं दूध देत होते. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझा कित्येक महिन्यांचा एक गुंता सुटला. हे जंत आईच्या दुधातून येतात. भाटीच्या अंगात, मांसात, या कृमींच्या अळ्या निपचित पडून असतात. ती व्याली, पान्हा फुटला, की त्या जाग्या होऊन दुधावाटे पिल्लांत उतरतात. म्हणजे गोट्या आमच्या पडवीत आला तेव्हाच जंत घेऊन आला होता. ही तर त्याच आईची.

अल्बेंडाझोलची गोष्टही मी न लपवता सांगितली. डॉक्टरांनी मान हलवली. त्या औषधानं मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते, अंगात नवं रक्त तयार व्हायचं थांबतं. लसणीनं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. वावडिंगाचं किती प्रमाण या जिवाला चालेल हे कुणी मोजलेलं नाही, म्हणून तेही नको. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराला ते जीवघेणं ठरतं. त्यांनी पायरँटेलचं पातळ औषध लिहून दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे घरी ग्रॅमवर मोजणारा काटा आहे, तो तिथं आठवला. दवाखान्यातला काटा वासरांचा. मग घरी येऊन आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला, मग पिल्लू डब्यात. ते हललं की आकडा पळायचा. तिसऱ्या खेपेला स्थिर झाला: 460 ग्रॅम. या वयाला साधारण 700 हवं होतं. मी डोळ्यांनी पाऊण किलो धरलं असतं, पोटाकडे बघून. डॉक्टरांना फोनवर आकडा सांगितला, त्यांनी औषध किती ते सांगितलं. अर्धा मिलीसुद्धा नव्हतं. चमच्यानं हे माप होणं शक्यच नाही. सुई काढलेली एक मिलीची सिरिंजच लागते.

औषध पाजणं मात्र सोपं गेलं, आणि तेच मला टोचलं. जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, डोकं सरळ ठेवलं, तोंडाच्या कोपऱ्यातून गालाच्या आत सिरिंज सरकवली आणि थेंब थेंब सोडलं. समोरून घशात मारलं तर श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. तिनं एकदाही पंजा मारला नाही. डोळे मिटून गिळत राहिली, जणू विरोध करायलाही जोर उरला नव्हता. ती गिळताना गळ्यापाशी केस हलत होते, तेवढीच काय ती हालचाल.

रात्री झोप लागली नाही. पायरँटेल जंताला मारण्याआधी लुळं करतं. आतड्याला धरून राहायची त्याची ताकद जाते आणि तो शीबरोबर वाहून जातो. पण पोटात फार जंत असतील तर ते आतड्यात अडकूही शकतात. पोट दगडासारखं लागलं, उलट्या थांबेनात, खाणं सुटलं, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब आणायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दोनदा उठून टॉर्चच्या उजेडात पोट चाचपलं. मऊ होतं.

सकाळी लाकडाच्या भुशाच्या ट्रेमध्ये जंतांचा पुंजका होता. नऊपर्यंत मोजले, पुढे सोडून दिले. काही अजून वळवळत होते. मुलगी घाबरून म्हणाली, "आई, औषधानं वाढले का गं?" मी तिला जवळ घेऊन सांगितलं, हे आत होते ते बाहेर आलेत. दोन दिवस येत राहिले, मग थांबले.

लोक इथंच हात झटकतात. जंत पडले, पिल्लू खायला लागलं, झालं. पण हे औषध फक्त आतड्यात उतरलेल्या जंतांवर चालतं. काही अळ्या तेव्हा अंगात वाटेवर असतात. आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळल्या की पुन्हा आतड्यात, आणि तिथं मोठ्या होतात. त्यांना गाठायचं तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस हवाच, आणि पुढे तिसराही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच, मी तारीख आणि वजन लिहिलं.

त्या पंधरा दिवसांत सगळ्यांत जास्त काम भुशाच्या ट्रेचं होतं. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. पण एकदा मातीत मिसळली की महिनोन् महिने टिकतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली तर अळ्या माणसाच्या अंगातही भटकतात, डोळ्यापर्यंतसुद्धा पोचतात. म्हणून ट्रे रोज रिकामा, शी पिशवीत बांधून, परसातल्या अळूत कधीच नाही. फिनेल त्या अंड्यांचं फारसं काही बिघडवत नाही आणि मांजराला मात्र विषारी, तेव्हा ट्रेवर उकळतं पाणीच ओतायचे. मुलीला साबणानं हात धुवायची शिस्त लावली. सासूबाईंनी स्वतःहून दारात साबणाची वडी आणून ठेवली. पिसवांसाठीही डॉक्टरांनीच दिलेलं औषध लावलं, कारण पिसू गिळली की पट्टकृमी होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते वेगळं प्रकरण, त्याला औषधही वेगळं.

आणि भाटी. तिला धरणं अशक्य, पण बांगड्याच्या डोक्याला ती नाही म्हणत नाही. तिची गोळी डॉक्टरांकडून अंदाजे वजनावर घेतली, चुरून माशात कालवली आणि ती शेवटचा तुकडा चाटेपर्यंत दारात उभी राहिले. पुढच्या वेळी तिला पकडून शस्त्रक्रियाच करून घ्यायची आहे. दर वेतात तिनं हेच भोगावं, हे मला बघवत नाही.

पंधराव्या दिवशी काट्यावर 670 ग्रॅम. दुसऱ्या डोसनंतर दोनच जंत पडले, मेलेले. पोट आत गेलं होतं आणि पाठीवरच्या केसांना तुकतुकी आली होती. मुलीनं त्या दिवशी नाव ठेवलं, शेवंती.

तिसऱ्या डोसाला मी टॉवेल आणि सिरिंज घेऊन आत आले, तर शेवंती डाळीच्या डब्यांमागून निसटली, पडद्यावरून सरसर वर चढली आणि दांडीवर बसून मोठमोठ्यानं ओरडायला लागली. मुलगी स्टुलावर उभी, सासूबाई खालून "हळू गं, पडेल ती" म्हणत पदर पसरून उभ्या. मी सिरिंज हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. खाली उतरायला तिनं वीस मिनिटं घेतली.