औशाच्या वाचनालयाला कोणता दाखला घ्यावा?

औशातील आमच्या शिक्षणसंस्थेने वाचनालयाच्या नव्या इमारतीचा ठराव मंजूर केला, तेव्हा तिला पर्यावरणपूरक बांधकामाचा दाखला मिळावा अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली आणि तो कोणत्या पद्धतीचा असावा याची चौकशी करून शिफारस रुजू करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले.

सल्लागाराने तीन पद्धतींचे तक्ते माझ्यापुढे मांडले : अमेरिकेत उगम पावलेली लीड, हैदराबादच्या भारतीय हरित इमारत परिषदेची, आणि टेरी ही संशोधनसंस्था व केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी सिद्ध केलेली ‘गृह’. पहिल्या दोहोंत सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या. गृहमध्ये एक ते पाच तारे. प्लॅटिनम या शब्दाची मोहिनी बैठकीवर तत्काळ पडली. मी मात्र तक्त्यावरून बोट फिरवीत होतो, आणि सायकली लावण्याच्या सोयीचा गुण व पावसाचे पाणी अडविण्याचे गुण एकाच बेरजेत जमा होतात हे पाहून माझे मन थबकले. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या दुष्काळी जिल्ह्याच्या ठिकाणी, लातुरात, आली, त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या बोअरमधून प्रथम गढूळ पाणी, मग नुसती हवा आली होती. घागरीच्या बुडाशी बसलेला तो तांबूस गाळ मी विसरलेलो नाही. ज्या मुलखात पाणीच नाही, तेथे पाण्याची उणीव अन्य गुणांनी भरून निघते असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट स्थानिक साहित्याची. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे माळवद वैशाखात घर थंड ठेवते, हे खरे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात आमच्याच तालुक्यातील किल्लारीत त्याच भिंती आणि तीच माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून दगड स्थानिकच घ्यावा, परंतु जोते, खिडक्यांचा माथा आणि छत या तिन्ही ठिकाणी सळ्यांसह काँक्रीटचे पट्टे घालावेत, असे कलम मी मसुद्यात स्वतंत्रपणे घातले.

आमची इमारत अडीच हजार चौरस मीटरांहून पुष्कळ लहान. तिच्यासाठी गृहचीच स्वगृह ही शाखा मी सुचविली, आणि गुण कितीही मिळोत, छतावरचे सर्व पाणी टाकीतच उतरावे अशी अट जोडली. कार्यकारिणीने ती मान्य केली. पायाच्या चरांआधी आम्ही टाकीचा खड्डा खणला.