होडीचे कान

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही देवबागला गेलो, तेव्हा सामानात एक खोके जास्त होते. बाकीचे सामान नेहमीचेच. सौभाग्यवतीने घेतलेला चकल्यांचा डबा, कन्येने अभ्यासासाठी घेतलेली आणि जशी जातात तशीच परत येणारी पुस्तके, आणि मी घेतलेले सहामाहीचे पेपर. चौथे खोके मात्र आबांच्या मुलाने आणायला सांगितले होते. त्यात होडीवर बसवायचा बिनतारी गाण्यांचा संच होता.

हे खोके मिळवताना माझी जी शोभा झाली ती मीच जाणतो. मराठीच्या प्राध्यापकाने लॅमिंग्टन रोडवर जाऊ नये. गेलाच तर 'ध्वनिवर्धक' असा शब्द तोंडातून काढू नये. पहिल्या दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, की मला क्षणभर मीच कालबाह्य झालेला माल आहे असे वाटले. शेवटी आबांच्या मुलाने पाठवलेली यादी मुकाट्याने पुढे केली. यादीत एक बारका, पाण्याचे फवारे सोसणारा संच, दोन स्पीकर, एक फ्यूज आणि 'कल्हई केलेली तांब्याची तार, वीस मीटर' एवढे होते. तारेला कल्हई असते हे मला ठाऊक नव्हते. आमच्या आजीच्या पातेल्यांना होती तेवढीच काय ती कल्हई आमच्या माहितीची!

रात्री दादरला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलो. केशवसुतांच्या कवितेचे नाव २०१७ साली या गाडीला मिळाले आणि मराठीच्या मास्तरांची निदान एका बाबतीत तरी सोय झाली. कोकणात जाताना तिकिटावरसुद्धा कविता! दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरलो आणि मालवणावरून देवबागच्या वाटेला लागलो. ज्यांनी देवबाग पाहिले नसेल त्यांना एवढेच सांगतो, की समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये अडकलेली ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. पुढच्या अंगणात उभे राहिले की समुद्राची गाज ऐकू येते आणि मागच्या परसात गेले की नदीवरच्या होड्या दिसतात. दक्षिणेच्या टोकाला ही पट्टी संपते आणि तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे.

आबांच्या घरी आम्ही बारा वर्षे उतरतो आहोत. आबा जातीचे तांडेल. उभी हयात मासेमारीत गेली. आता तीच लाकडी होडी डागडुजी करून पाहुण्यांना संगमावर आणि पुढे निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला नेते. होडी आबा चालवतात आणि बाकीचे सारे मुलगा पाहतो. अशा बापलेकांत जेवढे मतभेद असायचे तेवढे त्यांच्यात आहेत. त्यातला ताजा मतभेद आम्ही खोक्यात घालून आणला होता.

होडीवर आधीचा एक संच होता. तीसेक वर्षांपूर्वी आबांनी तो कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या मोटारीतून काढून आणला आणि सुकाण्याजवळ सागवानी पेटीत बसवला. त्यात कॅसेट वाजे आणि रेडिओ लागे. खाऱ्या हवेने त्याची जी दशा केली होती ती पाहण्यासारखी होती. तारांची टोके हिरवी पडली होती. आतला रबरी पट्टा सैल झाल्यामुळे गाणे इतके रेंगाळे, की कोणतीही गायिका दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुषाच्या आवाजात गाऊ लागे. आवाज एकाच बाजूने येई, कारण दुसऱ्या स्पीकरात एका हंगामात गांधीलमाश्यांनी घर केले होते.

मुलाचे म्हणणे असे, की शेजारच्या फायबरच्या होड्यांवर पाहुण्यांच्या खिशातल्या फोनवरची गाणी वाजतात आणि आपल्या होडीवर घरघर वाजते. पाहुणा कुठे जाणार? आबांचे म्हणणे त्याहून थोडके होते. ते म्हणाले, "रेडिओ काढू नको." बस्स, एवढेच.

त्याचे कारण मला ठाऊक होते. ११ नोव्हेंबर २००९ला 'फयान' वादळ कोकणाच्या किनाऱ्यावर आले. त्याच्या आदल्या संध्याकाळी आबा जाळी भरून निघायच्या बेतात होते. त्या पेटीतल्या रेडिओवर मच्छीमारांसाठी इशारा लागला आणि त्यांनी नांगर उचललाच नाही. जे आधीच खोल पाण्यात गेले होते त्यांच्यातले कित्येक परत आले नाहीत. तेव्हापासून ती पेटी आबांच्या लेखी गाण्याची पेटी राहिलीच नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो असता मला हसू आले. आपण 'बिनतारी' हा शब्द आज नवलाईने वापरतो. पण बिनतारी विद्या पहिल्याप्रथम उपयोगी पडली ती होडीवाल्यांनाच. घराघरांपर्यंत, गावोगाव तार ओढता येत होती. पाण्यावर हलत्या गलबताला तार कशी बांधणार? म्हणून मार्कोनीने १८९७ साली ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश पाठवून पाहिले. १८९९ साली इंग्लंडजवळच्या एका दीपनौकेने संकटात बिनतारीनेच मदत मागवली. पुढे १९१९ साली मार्कोनीने 'एलेट्रा' नावाचे जहाज घेतले आणि तिलाच आपली प्रयोगशाळा केले. म्हणजे बिनतारीचा जन्म झाला तो होडीला किनाऱ्याचे बोलणे ऐकू यावे म्हणून. आता सव्वाशे वर्षांनी ती होडीवर परत आली होती, ती बोलण्यासाठी.

आमच्या खोक्यातल्या विद्येचे नाव ब्लूटूथ. कन्येने मला विचारले, "बाबा, निळा दात का हो?" भाषेचा मास्तर म्हणून हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला होता. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव 'निळ्या दाताचा'. त्याने डेन आणि नॉर्वेजियन लोकांना एका छत्राखाली आणले, तसे वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणायचे, म्हणून १९९०च्या दशकात हे नाव सुचले. त्या खुणेत त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. आबांचा मुलगा म्हणाला, "सर, ह्या तुम्ही पुस्तकात वाचलास? मी समजत होतंय कंपनीच्या मालकाचो दात किडलेलो आसतलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून संच बसवायला घेतला. मी मदतनीस, म्हणजे पक्कड देणारा. त्या चार तासांत मी जे शिकलो ते शहरातल्या घराघरांत गाणी लावणाऱ्या आपल्याला कधी शिकावे लागत नाही. पहिली गोष्ट, वीज. होडीवर भिंतीतले बटण नसते. १२ व्होल्टची बॅटरी असते. ६० वॉटचा संच म्हणजे ५ अँपिअर सतत प्यायचे. इंजिन बंद ठेवून डॉल्फिनची वाट पाहत तासभर गाणी वाजवली आणि तीच बॅटरी रिकामी झाली, तर पुढे इंजिन सुरू कशाने करणार? म्हणून गाण्याला बॅटरी वेगळी. फ्यूज त्या बॅटरीच्या अगदी जवळ, कारण तार मध्येच कुठे घासून उघडी पडली तर लाकडी होडीला आग लागायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. मी स्पीकर उचलून आबांच्या सुकाण्यासमोर, होकायंत्राशेजारी ठेवला. जागा छान दिसत होती. आबा काही न बोलता होकायंत्राकडे बोट दाखवून उभे राहिले. काटा उत्तर सोडून चक्क भोगव्याकडे वळला होता! स्पीकरात लोहचुंबक असते, हे शाळेत शिकलो होतो. पण त्या चुंबकापायी एखादी होडी धुक्यात भलत्याच दिशेला जाऊ शकते, हे तिथे कळले. स्पीकर मागे नेऊन बसवले. तारासुद्धा मुलाने वेणीसारख्या एकमेकींत पिळून घातल्या, म्हणजे एका तारेतल्या विजेचा चुंबकी परिणाम दुसरी तार पुसून टाकते. सौभाग्यवती म्हणाली, "वेणी घालायची होती तर मला सांगायचे!"

तिसरी गोष्ट दुपारी कळली. या बिनतारीचा पल्ला साधारण दहा मीटर, आणि तिच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांच्या. त्यांना पाणी अडवते. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. त्यामुळे फोनवाला एका टोकाला आणि मध्ये आठ धष्टपुष्ट पाहुणे उभे राहिले की गाणे अडखळते. आम्ही आठ जण मिळेनात, तेव्हा मी आणि शेजारचे एक गृहस्थ असे दोघेच मध्ये उभे राहिलो. गाणे अडखळले. आमच्या घरच्यांनी आमच्या प्रकृतीवर जे बोलायचे ते बोलून घेतले.

तिसऱ्या दिवशी पहाटे पहिली फेरी. आम्ही घरचेच पाहुणे. कर्लीचे पाणी आरशासारखे होते, माडांच्या रांगा त्यात उलट्या उभ्या होत्या आणि कन्येच्या फोनवरचे गाणे दोन्ही तीरांवर पोचत होते. खरे सांगायचे तर छान वाटत होते. मुलाचा चेहरा खुलला होता. आबा सुकाण्याशी होते. संगम जवळ आला तशी सुकती लागली होती. नदीचे पाणी समुद्राकडे वेगाने ओढ घेत होते आणि पुढे वाळूच्या दांड्यावर लाटा पांढऱ्या फुटत होत्या.

एकाएकी आबा ओरडले, "गाणी बंद कर रे!"

मुलाने ऐकले नाही. म्हणजे त्याला ऐकूच आले नाही. आबांनी हात हलवला. कन्येने घाबरून फोन बंद केला. सगळीकडे एकदम शांत झाले, आणि त्या शांततेत मलासुद्धा जाणवले की इंजिनाचा आवाज कोरडा येतो आहे. एरवी होडीच्या मागच्या नळीतून पाणी खळखळ बाहेर पडते. हे इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरून ओढलेले पाणी. ती खळखळ बंद झाली होती. आबांनी होडी वळवून काठाकडे उथळात घेतली, नांगर टाकला आणि इंजिन बंद केले. मुलाने गाळणी उघडली. पाणी ओढणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची एक पिशवी गच्च बसली होती. चिप्सची. कोण्या पाहुण्याने टाकलेली.

आणखी पाच मिनिटे गाणे चालले असते तर इंजिन तापून बंद पडले असते, आणि ते बंद पडले असते नेमके दांड्यावर, फुटणाऱ्या लाटांत. हे कोणी बोलून दाखवले नाही. सौभाग्यवतीने कन्येचा हात घट्ट धरला होता. मुलगा पिशवी हातात घेऊन नुसता बसला होता. गाण्याच्या आवाजात त्याला ती खळखळ बंद पडलेली कळली नाही, हे त्याला फार लागले असावे. बापाला मात्र ते कसे कळले, हे कोडे मला अजून पुरते सुटलेले नाही. एवढेच म्हणता येईल, की आबा गाणे ऐकतच नव्हते.

मला वाटले, आता संच निघणार. पण आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "रवांदे. गाणा बरा वाजता. पण होडयेक आदी कान व्हये, मगे तोंड."

त्या संध्याकाळी बापलेक पुन्हा पक्कड घेऊन बसले. या वेळी मी नुसता पाहत होतो. सुकाण्याजवळ, आबांच्या डाव्या हाताला सापडेल असे एक साधे, मोठे बटण बसले. ते दाबले की फोन कोणाचाही असो, गाणे तत्क्षणी बंद. सागवानी पेटी आपल्या जागी राहिली. तिच्यातला कॅसेटचा भाग मुलाने काढून टाकला आणि रेडिओ पुसूनपासून, नव्या तारा जोडून परत ठेवला. हवामानाचा इशारा आता फोनवरही येतो, हे खरे. पण फोनची हाक किनारा सोडला की थोड्याच अंतरात विरते. आणि होडीचा नियम ठरला तो असा: नदीत गाणी, संगमाच्या अलीकडे बंद, परत नदीत शिरल्यावर पुन्हा सुरू.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याकडची एक मोठी मंडळी होडीवर आली होती. जागा होती म्हणून मीही बसलो. संगम आला, आबांनी बटण दाबले. एका तरुणाने विचारले, "काका, बिघडले का?" आबांच्या मुलानेच उत्तर दिले, "नाय, बिघडूक नाय. आता आयकायचा आसा."

कोणाला काय कळले कोण जाणे, पण होडीवरची दहा-बारा माणसे खरोखरच गप्प झाली. मागे नळीतून पाणी खळखळत होते. पुढे दांड्यावर लाट फुटत होती. एक लहान मुलगी आईला हळूच म्हणाली, "आई, किती मोठ्ठा आवाज आहे हा!"

तिने कधीपासूनचा चालू असलेला तो आवाज त्या क्षणी पहिल्यांदा ऐकला होता.