गुण की अंक?

परीक्षेत जे मिळतात त्यांना आपण मराठीत 'गुण' म्हणतो. कन्नडमध्ये त्यांनाच 'अंक' म्हणतात. आपली गुणपत्रिका ती त्यांची अंकपट्टी. एकाच बाकावर बसून हे दोन्ही शब्द वर्षानुवर्षे ऐकले, पण त्यांतला फरक कधी डोक्यात शिरला नव्हता. तो शिरला आमच्या आप्पांच्या वार्षिक अहवालामुळे.

आप्पा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहेत. कोणत्या, ते सांगत नाही. त्यांना अजून तिथे नोकरी करायची आहे. 31 मार्चला वर्ष संपले की तिथे प्रत्येकाच्या कामाचा अहवाल होतो. आधी आपण वर्षभर काय केले ते ज्याचे त्याने लिहायचे, मग वरचे साहेब आकडे मांडणार आणि त्यांच्याही वरचे साहेब ते तपासणार. आकडे 1 ते 10. केलेल्या कामाला 40 टक्के वजन, व्यक्तिगत गुणांना 30 आणि कामातल्या जाणकारीला 30. आप्पांना पहिल्या दोन भागांत सरासरी 6 पडले होते, तिसऱ्यात 5.6. हिशेब आम्ही घरी पुन्हा करून पाहिला : 2.4 अधिक 1.8 अधिक 1.68. एकूण 5.88.

आई म्हणाली, "दहात जवळजवळ सहा म्हणजे वाईट नाही की!" मलाही तसेच वाटले. आप्पांनी काही न बोलता नियमांचा कागद पुढे सरकवला. 8 ते 10 म्हणजे 'आउटस्टँडिंग', 6 पासून 8 च्या आत 'व्हेरी गुड', 4 पासून 6 च्या आत 'गुड'. बढतीच्या वेळी सरासरी काढताना पहिल्याला 9 धरतात, दुसऱ्याला 7, तिसऱ्याला 5. चारच्या खाली शून्य. म्हणजे 6.0 वाला आणि 7.9 वाला दोघेही 7, आणि आमचे 5.88 एकदम 5! इतक्या काटेकोरपणे काढलेले ते दशांश पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत गळून पडलेले असतात. साठ टक्क्यांना दोन गुण कमी पडून ज्याचा पहिला वर्ग हुकला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

पण 'गुड' म्हणजे चांगलाच ना? याच प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2008 रोजी दिला आहे. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले एक कार्यकारी अभियंता होते. वरच्या पदासाठी पाच वर्षे 'व्हेरी गुड' शेरा हवा होता, आणि 1993-94 साली त्यांना 'गुड' मिळाला होता. त्या काळी अहवाल गोपनीय. वाईट शेरा तेवढा कळवीत. चांगला कशाला कळवायचा? बढती गेली आणि कारण मागाहून समजले. न्यायालयाने म्हटले की शेऱ्याचे नाव काय ते पाहू नका, त्याचा परिणाम काय ते पाहा. जो 'चांगला' बढती बुडवतो तो प्रतिकूलच, आणि प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. पुढच्या वर्षी, मे 2009 मध्ये, केंद्राने 'गोपनीय' हा शब्दच अहवालाच्या नावातून काढला. आता सगळा अहवाल हातात पडतो आणि हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात.

हातात पडला तरी तो वाचायचा कसा? साहेबांना सूचना अशी की 1-2 किंवा 9-10 हे आकडे क्वचितच द्यावेत, आणि दिल्यास कारण लिहावे. सूचना शहाणपणाची आहे. पण लिहायचा कंटाळा असलेला साहेब मग पाच, सहा, सात यांतच फिरत राहतो, आणि नेमकी तिथेच ती सहाची रेघ आहे. आपली उत्तरपत्रिका निदान पुन्हा तपासून घेता येते. इथे तपासायचे ते एक अख्खे वर्ष. ते आता कुठून काढून दाखवणार? आमच्या प्राध्यापकांनीही हा सोस भोगला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली त्यांच्या बढतीसाठी गुणांक आणले आणि 2018 साली ते सोडून 'चांगले', 'समाधानकारक' अशा शब्दांवर पुन्हा यायची पाळी आली. शब्द बरे की आकडे, हे सरांनाच विचारावे. मला धीर झाला नाही.

आप्पा हरकत घ्यायला तयार नव्हते. "मी चांगला आहे असे मीच लिहून देऊ? त्यापेक्षा पाच बरे." स्वतःच्या कामाच्या रकान्यात त्यांनी चारच ओळी लिहिल्या होत्या, तिथेही हाच संकोच. तेवीस वर्षांच्या नोकरीत एक दिवस उशीर न झालेल्या माणसाला त्या 5.88 मध्ये आपल्या स्वभावाचीच किंमत दिसत होती. दहा दिवस असेच गेले. घरात कुणी आकड्याचे नाव काढीना.

कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र अकराव्या दिवशी घरी आला. सगळे ऐकून घेऊन तो आप्पांना म्हणाला, "काका, तुमच्या भाषेत ते गुण आहेत म्हणून तुम्हाला लागलं. आमच्यात तो नुसता अंक. अंक चुकला असेल तर बघा म्हणायला लाज कसली?"

त्या रात्री आप्पा टेबलाशी बसले. स्वतःविषयी एकही विशेषण त्यांनी घातले नाही. कोणती प्रकरणे कधी आली, कधी निकालात काढली, रिकाम्या जागेचे काम किती महिने पाहिले, एवढेच, तारखांसह, दोन पाने. तेराव्या दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली.

उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान आप्पांनी रोजच्या कामाची एक वही घातली आहे. आई ती दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवते.