उचंत खाते

साहित्याचा इतिहास लिहिणारे पत्रे वाचतात, हस्तलिखिते ताडून पाहतात, नियतकालिकांचे जुने अंक चाळतात. प्रकाशकाची खतावणी मात्र सहसा कोणी मागत नाही. वास्तविक कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती कोणत्या गावी गेल्या, किती परत आल्या, लेखकाच्या हाती अखेर काय पडले, याची साक्ष फक्त तिथेच असते. समीक्षेने ज्याला ‘दुर्लक्षित’ म्हटले त्या कवीकडे नेमके किती जणांनी लक्ष दिले होते, हे खतावणी सांगू शकते. अट एवढीच, की ती वाचता आली पाहिजे.

आमच्या छोट्या प्रकाशनसंस्थेची खतावणी १९९५ पासून कागदावर नाही. त्या वर्षी एका स्थानिक प्रोग्रॅमरकडून डॉसवर चालणारा हिशेबाचा कार्यक्रम फॉक्सप्रोमध्ये करून घेतला गेला, आणि तो पुढे सर्व वादळांतून तगला. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नसल्यामुळे २०१७ च्या उलथापालथीतही त्याला फारसा धक्का लागला नाही. धक्का लागला तो यंत्राला. हा डॉसचा कार्यक्रम ६४-बिटी विंडोजवर थेट चालत नाही; म्हणून जिन्याखालचा एक जुना सर्व्हर केवळ त्याच्यासाठी जिवंत ठेवला होता. त्यात एकमेकींची प्रतिकृती असलेल्या दोन डिस्क होत्या. एक गेली. दुसरी टिकटिकू लागली, आणि स्थलांतराला मुहूर्त शोधण्याची चैन संपली.

अशा वेळी पहिला नियम असा, की आजारी डिस्कला कामाला लावायचे नाही. तिची आधी हुबेहूब नक्कल काढायची. आमच्या मदतीला आलेल्या तरुण मित्राने त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली वापरली. तिची रीत एखाद्या मुरलेल्या पोथीवाचकासारखी आहे. जे भाग सुखरूप वाचता येतात ते ती आधी उतरवून घेते. जिथे अक्षर लागत नाही तिथे डोके आपटत न बसता पुढे जाते, त्या जागेची टिपण ठेवते आणि शेवटी त्या दुर्बोध जागांकडे पुन्हा वळते. दीड दिवसात नक्कल हाती आली. थोडे भाग वाचले गेले नाहीत. सुदैवाने हिशेबाच्या फाइली त्यांत नव्हत्या.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. नव्या संगणकप्रणालीत न्यायचे काय? आमच्या सनदी लेखापालांचे मत सरळ होते. ते म्हणाले, “तुम्ही फक्त ३१ मार्चच्या अखेरच्या शिलका उचला. जुन्या नोंदी कोण बघणार आहे? आणि लेखकांच्या नावावर पडलेल्या त्या किरकोळ रकमा एकदाच्या निर्लेखित करून किरकोळ उत्पन्नात घ्या. कायद्याने त्यांची मुदत केव्हाच संपली आहे.” व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला चोख होता. शिल्लक नेली की खाते पुढे चालू राहते. परंतु शिल्लक म्हणजे कथेचा केवळ शेवट. कथा असते ती नोंदीखालच्या स्पष्टीकरणात. ‘जमा’ आणि ‘नावे’ या दोन बाजू आकडे सांगतात. का, कोणासाठी, कोणत्या निमित्ताने, हे स्पष्टीकरण सांगते. आम्ही संपूर्ण कीर्द न्यायचे ठरवले.

ठरवणे सोपे होते. कार्यक्रमाला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे सारी स्पष्टीकरणे रोमन मोठ्या अक्षरांत मराठी लिहून केलेली. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘ट’ आणि ‘त’ एकच, ‘ण’ आणि ‘न’ एकच. ‘काळे’ की ‘काले’, ‘राणे’ की ‘राने’. एका काव्यसंग्रहाच्या शीर्षकातला शब्द ‘वाट’ आहे की ‘वात’? नावाची जागाही तोकडी, त्यामुळे लांब आडनावे मध्येच तुटलेली. तिसऱ्या दिवशी आम्ही निवृत्त दिवाणजींना बोलावून घेतले. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “वातच. मुखपृष्ठावर पणती होती, तिचा ब्लॉक दोनदा करावा लागला.” पाठचिकित्सेत ज्याला बहिःसाक्ष्य म्हणतात ते हेच.

इथे एकनाथांची आठवण होणे अपरिहार्य होते. जनार्दनस्वामींकडे देवगिरीवर हिशेबाचे काम करताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले, सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली आणि गुरूंनी त्या टाळीचा धागा पकडून त्यांना परमार्थाकडे वळवले, अशी कथा परंपरा सांगते. कथेची ऐतिहासिकता काही असो. ज्यांच्याविषयी ती सांगितली जाते त्या एकनाथांनीच शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला, हा योगायोग आम्हांला केवळ गोड वाटत नाही. पै शोधणे आणि पाठ शोधणे यांमागची वृत्ती एकच आहे: जे आपल्या हाती आले त्यात आपल्या सोयीचे काही घालायचे नाही आणि आपल्याला न पटणारे काही गाळायचे नाही.

आमचीही पै हरवली. सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत गेल्यावर तेरीज काढली, तर जमेची बाजू ४१२ रुपये ५० पैशांनी अधिक भरली. जुना कार्यक्रम तर वर्षानुवर्षे तेरीज जुळवून दाखवत होता! उलगडा असा झाला, की तो प्रत्येक खात्याची शिल्लक एका वेगळ्या फाइलीत साठवून ठेवी आणि तेरीज त्या साठवलेल्या आकड्यांवरून काढी. मूळ ओळींची बेरीज तो पुन्हा करतच नसे. म्हणजे कुठेतरी ओळ हरवली होती आणि शिल्लक तिच्याविना उभी होती.

फॉक्सप्रोच्या फाइलीत एक विलक्षण सोय आहे. नोंद ‘खोडली’ तरी ती पुसली जात नाही. ओळीच्या आरंभी राखून ठेवलेल्या एका जागेत तारांकन उमटते, एवढेच. ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ओळ जागच्या जागी असते, फक्त नेहमीच्या वाचनात दिसेनाशी होते. हस्तलिखितात आडवी रेघ मारलेला शब्द रेघेखालून वाचता यावा, तसेच. आजच्या काळाने याची गरज वेगळ्या वाटेने ओळखली: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग ठेवणे बंधनकारक झाले. आमच्या या जुन्या फाइलीत तो माग अजाणता राहिला होता. तारांकित ओळी काढून पाहिल्या. त्यांत रोकड नावे पडल्याची एक ओळ, रक्कम ४१२.५०. तिची जोडीदार ओळ, कवीच्या खात्याची, जमेला शाबूत होती. स्पष्टीकरण रोमन अक्षरांत होते. आम्ही ते देवनागरीत उतरवले: ‘स्वामित्वधन, ७५ प्रती, म. ऑ. परत, पत्ता बदलला.’

पंचावन्न रुपये किमतीच्या पंचाहत्तर प्रती, दहा टक्के स्वामित्वधन; हिशेब पैशासकट बरोबर होता. मनिऑर्डर पाठवली गेली, कवी त्या पत्त्यावर नव्हते, पैसे परत आले आणि ते पुन्हा कधीच पाठवले गेले नाहीत. ते कवी आज हयात नाहीत. त्यांच्यावर प्रबंध नाही, संग्रहाची तिसरी आवृत्ती नाही. परंतु त्या एका वर्षी पंचाहत्तर वाचकांनी खिशातून पंचावन्न रुपये काढून त्यांची कविता विकत घेतली होती, ही गोष्ट जगात फक्त या ओळीला ठाऊक होती. अखेरच्या शिलका तेवढ्या उचलल्या असत्या, तर ४१२ रुपये ५० पैसे ‘किरकोळ उत्पन्न’ झाले असते आणि पंचाहत्तर वाचक नाहीसे झाले असते.

जुन्या हिशेबात ‘उचंत’ नावाचे एक सुंदर खाते असे. ज्या रकमेचे घर अजून ठरलेले नाही ती तिथे थांबते. आळशी कारकून उचंतात वाटेल ते लोटतो हे खरे. पण मुळात त्या खात्यात एक नम्रता आहे. ही रक्कम आपली नाही, आणि कोणाची हे शोधायचे राहिले आहे, एवढेच ते म्हणते. वाङ्मयेतिहासालाही असे एखादे खाते हवे. आपण लेखकांना ‘महत्त्वाचे’ आणि ‘किरकोळ’ अशा दोनच सदरांत घालतो, आणि किरकोळांना निर्लेखित करताना आपल्या बाजूची तेरीज जुळली यावरच समाधान मानतो.

लेखापालांशी पुन्हा बोलणे झाले. त्यांनी आग्रह धरला नाही. तारांकित ओळ तिच्या जागी परत घेतली, तेरीज जुळली. पत्ता न लागलेल्या एकतीस लेखकांच्या रकमा नव्या प्रणालीत ‘लेखक देणे, पत्ता हवा’ या शीर्षकाखाली, मूळ स्पष्टीकरणासह, देवनागरीत ठेवल्या आहेत. दिवाणजी दर गुरुवारी येतात, जुन्या दिवाळी अंकांतल्या लेखकांच्या पत्त्यांच्या याद्या चाळतात, कोणाचा मुलगा, कोणाची पुतणी कुठे असेल याचा अंदाज बांधून पोस्टकार्डे लिहितात. आजवर चार उत्तरे आली. त्या कवींच्या घरच्यांचे अजून आलेले नाही.