अळिवाची पाने आणि आईची गोळी

अळीव म्हटले की आपल्याला बाळंतिणीचे लाडूच आठवतात. गेल्या हिवाळ्यात मी ताटल्यांत ओला कापूस पसरून अळीव पेरले, रोज पाणी शिंपडले. आठ-दहा दिवसांत तिखटसर कोवळी पाने कापायला आली. आईला ती इतकी आवडली की रोज वाटीभर कोशिंबीर होऊ लागली.

पुढच्या तपासणीत तिचा आयएनआर २.८ वरून १.७ वर घसरला! हृदयातील कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ती वॉरफेरिन घेते. अळिवाच्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असते. त्याने या गोळीचा परिणाम कमी होतो. डॉक्टर असूनही मी हे विसरलो.

आता आई पाने खाते, पण रोज चमचाभरच. तुमच्या घरी कोणी ही गोळी घेत असेल, तर पालेभाज्या बंद करू नका. फक्त प्रमाण एकदम बदलू नका.